मुलं, मोबाइल आणि इंटरनेट: पालक आणि मुलं नेहमी विचारतात ते प्रश्न

पालकसभेत सगळ्यांसमोर प्रश्न आला की तो बहुतेक वेळा ‘स्क्रीन टाइम’चा असतो. सभा संपल्यावर, दाराशी थांबून हळू आवाजात जे विचारलं जातं ते वेगळंच असतं. इथे दोन्ही प्रकारचे प्रश्न घेतले आहेत. काही प्रश्न मुलांचे आहेत, त्यांची उत्तरं मुलांशीच बोलून दिली आहेत.

आत्ता, या क्षणी काहीतरी घडलंय. आधी कुठे फोन करू?

पैसे गेले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून १९३० लावा. ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात अशी झपाट्याने फिरवली जाते. वाटेतल्या एखाद्या खात्यात ती गोठवायची तर तक्रार लवकरात लवकर जायला हवी. रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक आणि पैसे गेले तो यूपीआय आयडी हाताशी घेऊनच फोन करा.

फोटो, व्हिडिओ, धमकी किंवा खोट्या प्रोफाइलचा त्रास असेल तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. मुलांच्या लैंगिक शोषणाची सामग्री कुठे दिसली तर तिथे नाव न देताही कळवता येतं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, आणि जिवाला धोका असेल तर ११२.

मूल जिवाचं बरंवाईट करून घेण्याची भाषा करत असेल, तर तक्रार नंतर. त्याला एक मिनिटही एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

मी सोळा वर्षांचा आहे. इन्स्टावर ओळख झालेल्या मुलीने व्हिडिओ कॉल केला, तो रेकॉर्ड केला आणि आता पैसे मागतेय. घरी कळलं तर मी संपलो. काय करू?

तू संपलेला नाहीस. तुझ्यासारखी खूप मुलं याच सापळ्यात अडकली आहेत, कारण तो अगदी ठरावीक पद्धतीने लावला जातो. बघ ओळखीचं वाटतंय का. अनोळखी मुलीची फॉलो रिक्वेस्ट येते. दोन-तीन दिवस गप्पा होतात, मग ‘व्हॉट्सॲप नंबर दे ना’. रात्री उशिरा व्हिडिओ कॉल येतो. समोर जे दिसतं ते बहुतेक वेळा आधीच रेकॉर्ड केलेलं असतं आणि मागे टोळी बसलेली असते. कॉल अर्ध्या मिनिटात कट होतो. मग तुझाच व्हिडिओ तुला येतो, त्याच्याखाली तुझ्या फॉलोअरच्या यादीचा स्क्रीनशॉट येतो, त्यात मावशी असते, क्लासचे सर असतात. ‘पाच मिनिटांत पैसे टाक, नाहीतर सगळ्यांना पाठवते.’ नंतर कधी कधी ‘सायबर सेलचा अधिकारी’ म्हणून आणखी एक फोन येतो, तुझ्यावर गुन्हा दाखल झालाय म्हणतो आणि प्रकरण मिटवायचे पैसे मागतो. तोही त्याच टोळीतला असतो.

पैसे देऊ नकोस. दिले असतील तर यापुढे देऊ नकोस. एकदा पैसे मिळाले की हा देणारा आहे हे त्यांना कळतं आणि पुढची मागणी मोठी होते.

काहीही डिलीट करू नकोस. प्रोफाइलचं पान, युजरनेम, फोन नंबर, यूपीआय आयडी, धमकीचे मेसेज, सगळ्याचे स्क्रीनशॉट घे, त्यात तारीख आणि वेळ दिसू दे. दिसणारं नाव क्षणात बदलता येतं, म्हणून युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक वेगळी लिहून ठेव. मग त्या खात्याला रिपोर्ट कर, ब्लॉक कर आणि तुझं खातं प्रायव्हेट कर. त्यांना उत्तर देणं, विनवण्या करणं, शिव्या देणं, सगळं थांबव.

आणि आजच एका मोठ्या माणसाला सांग. पहिल्यांदा बाबांनाच सांगायला हवं असं काही नाही. ताई, मामा, आत्या, वर्गशिक्षिका, जिच्यावर किंवा ज्याच्यावर तुझा विश्वास आहे ती व्यक्ती चालेल. तोंडाने बोलवत नसेल तर हा मेसेज जसाच्या तसा पाठव: ‘मला कुणीतरी ऑनलाइन ब्लॅकमेल करतंय. मला खूप भीती वाटतेय. तुझी मदत हवी आहे, आधी पूर्ण ऐकून घे.’ अशी एकही व्यक्ती डोळ्यांसमोर येत नसेल तर १०९८ लाव.

आमच्या मुलाने हेच सगळं आम्हाला सांगितलं. आम्हाला काय बोलावं तेच सुचत नव्हतं.

पहिलं वाक्य एवढंच असू द्या: ‘बरं झालं सांगितलंस. आता हे आपण मिळून निस्तरू.’ ‘तू असं केलंसच कसं?’ हा प्रश्न मनात येणारच, पण तो आज विचारू नका. त्याचं उत्तर त्याच्याकडेही नसतं आणि त्या एका प्रश्नाने पुढचं बोलणं बंद होतं. पुरावे जमवा, पोर्टलवर तक्रार करा, पोलीस ठाण्यात जा. काही दिवस मूल एकटं पडणार नाही, रात्री खोलीचं दार लावून बसणार नाही याकडे लक्ष ठेवा.

या सगळ्या पानावरचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं इथेच सांगते. धमकी देणाऱ्याचं सगळं बळ एका गोष्टीवर असतं: हे मूल घरी सांगणार नाही. आणि मूल घरी का सांगत नाही? मार बसेल म्हणून, पण त्याहून जास्त, मोबाइल जाईल म्हणून. ‘काही उलटसुलट दिसलं तर मोबाइल काढून घेईन’ हे वाक्य आपल्या घरोघरी रोज बोललं जातं. मुलाच्या कानावर त्यातून एकच गोष्ट पडते, की काही झालं तर सांगायचं नाही. म्हणून हे वाक्य आजपासून बंद करा. त्याऐवजी काही घडलेलं नसताना, जेवताना वगैरे, स्पष्ट शब्द द्या: ‘नेटवर काहीही झालं, तुझी चूक असली तरी, तू येऊन सांगितलंस तर मोबाइल जाणार नाही.’ आणि वेळ येईल तेव्हा तो शब्द पाळा. एकदा मोडला तर मूल पुन्हा येणार नाही.

फोटो किंवा व्हिडिओ पसरला तर तो नेटवरून काढता येतो का?

पूर्ण खात्री कुणी देऊ शकत नाही, पण बरंच काही करता येतं, आणि लवकर केलं तर जास्त.

फोटोतली व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा वापरा. ती अमेरिकेतली नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन ही संस्था चालवते आणि भारतातूनही वापरता येते. नाव द्यावं लागत नाही. मुख्य म्हणजे फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. तुमच्याच मोबाइलवर त्या फोटोचा एक सांकेतिक क्रमांक, म्हणजे हॅश, तयार होतो आणि फक्त तो क्रमांक फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट अशा सहभागी कंपन्यांकडे जातो. तोच फोटो त्यांच्याकडे आढळला की तो काढता येतो. व्हॉट्सॲपच्या खासगी गप्पांमध्ये मात्र ही सेवा पोहोचू शकत नाही. १८ च्या वरच्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ ही अशीच सेवा आहे.

त्याचबरोबर त्या ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. प्रत्येक मोठ्या कंपनीने भारतात असा अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. नग्न किंवा लैंगिक स्वरूपाच्या, तसंच फेरफार केलेल्या फोटोंबद्दल त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणी तक्रार केली तर तो मजकूर हटवण्यासाठी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी २४ तासांची कमाल मुदत घातली. दाद मिळाली नाही तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

एक काळजी घ्या. पुरावा म्हणून तो फोटो नातेवाइकांना, शाळेच्या ग्रुपवर, ओळखीच्या वकिलाला फॉरवर्ड करू नका. ज्या मोबाइलवर तो आहे तो मोबाइलच पोलिसांना दाखवा.

वर्गातल्या मुलांनी एआय ॲप वापरून मुलीचा खोटा नग्न फोटो बनवला. ‘खोटाच तर आहे, सोडून द्या’ असं शाळेचं म्हणणं आहे.

सोडून देऊ नका. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा म्हणजे पॉक्सो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यातल्या मुलांच्या अश्लील सामग्रीच्या व्याख्येत संगणकावर तयार केलेली, खऱ्या मुलापासून वेगळी ओळखू न येणारी प्रतिमाही येते आणि मूल दिसेल अशी फेरफार केलेली प्रतिमाही येते. फोटो खोटा असला तरी मुलीला होणारा त्रास खरा आहे, आणि कायद्यानेही तो खराच मानला आहे.

शाळेच्या नावाला धक्का लागेल म्हणून प्रकरण मिटवण्याकडे कल असतो. पॉक्सोच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने कळवलं नाही तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, अर्जात या कलमाचा उल्लेख करा. एवढ्याने बऱ्याचदा सूर बदलतो.

मुलीला वर्ग बदलायला लावणं, काही दिवस घरी बसवणं, हे कृपया करू नका. तिने काही केलेलं नाही.

पोलिसांत गेलो तर मुलीचं नाव गावभर होईल ना?

ही भीती मला पूर्ण समजते. कायद्याने तिच्यासाठी काही भिंती उभ्या केल्या आहेत, त्या माहीत असू द्या. पॉक्सोच्या प्रकरणात मुलाचं किंवा मुलीचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, कुटुंबाची माहिती, ओळख पटेल असं काहीही माध्यमांनी छापणं किंवा दाखवणं हा गुन्हा आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो किमान उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. जबाबाच्या वेळी आई-वडील किंवा मुलाच्या विश्वासातली व्यक्ती सोबत राहू शकते. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही.

कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं सांगून परत पाठवता येत नाही, कारण शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवण्याची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतच आहे. महाराष्ट्रात सायबर पोलीस ठाणी आहेत, बऱ्याच ठिकाणी महिला आणि मुलांच्या मदतीसाठी पोलिसांचे भरोसा सेल आणि दामिनी पथकं आहेत. पहिल्यांदा जाताना धीर होत नसेल तर १०९८ वर बोलून, कुणाला तरी सोबत घेऊन जा.

गेममध्ये मुलगा ‘दादा, दादा’ करत कुणाशी तरी बोलतो. हा दादा कोण ते आम्हाला माहीत नाही.

असू शकतो दुसऱ्या शहरातला एखादा साधा कॉलेजचा मुलगा. पण तो पुढे काय करतो त्याकडे लक्ष द्या. मुलांना जाळ्यात ओढणारी माणसं सुरुवातीला कधीच वाईट वागत नाहीत. उलट फार चांगली वागतात. गेममध्ये मदत करतात, डायमंड किंवा स्किन (गेममध्ये एरवी विकत घ्याव्या लागणाऱ्या गोष्टी) भेट देतात, घरी ओरडा बसला की बाजू घेतात. ‘तुझे आई-बाबा तुला समजून घेत नाहीत, मी घेतो.’ मग गेममधून बोलणं डिस्कॉर्ड, टेलिग्राम किंवा स्नॅपचॅटवर नेतात, जिथे मेसेज सहज गायब करता येतात. मग एक छोटंसं गुपित, ‘हे कुणाला सांगू नकोस हं’. मग फोटो. आधी साधा, मग वेगळा.

मुलाला अनोळखी माणसांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा या तीन खुणा शिकवा: कुणी दुसऱ्या ॲपवर ये म्हणालं, कुणी घरात सांगू नकोस म्हणालं, कुणी शरीराचा फोटो मागितला. यातलं काहीही झालं की येऊन सांगायचं. माणूस ओळखीचा असला तरी. क्लासचे सर, शेजारचा दादा, लांबचा काका यांनाही हेच लागू आहे, आणि हे मुलाला नाव घेऊन सांगायला संकोचू नका.

आणि त्या ‘दादा’शी तुम्हीही बोला. एक दिवस मुलाशेजारी बसा, हेडफोन काढून स्पीकर लावायला सांगा, गेम बघा. साधा मुलगा असेल तर ‘नमस्कार काकू’ म्हणेल. दुसरा कुणी असेल तर बहुधा पुन्हा दिसणार नाही.

मोबाइल कितव्या वर्षी द्यावा?

यात तीन वेगळे प्रश्न आहेत: घरातला मोबाइल हातात कधी द्यायचा, स्वतःचा मोबाइल कधी, आणि स्वतःच्या नावाने खातं कधी.

अगदी लहानग्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची सूचना स्पष्ट आहे: दोन वर्षांपर्यंत स्क्रीन अजिबात नको, दोन ते चार या वयात दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. भरवताना मोबाइल लावायची सवय मोडणं कठीण असतं, म्हणून ती लावूच नये.

खात्यांचं म्हणाल तर इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, डिस्कॉर्ड यांची स्वतःचीच अट किमान १३ वर्षांची आहे. पाचवी-सहावीच्या मुलाचं इन्स्टाग्राम खातं म्हणजे खोटी जन्मतारीख टाकून काढलेलं खातं. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आई-वडिलांच्या नंबरवर ठेवा. स्वतःचा मोबाइल माझ्या मते आठवी-नववीच्या आधी नको, आणि दिला तरी रात्री तो हॉलमध्ये चार्जिंगला लागेल, सगळ्यांच्याच मोबाइलसोबत. सगळ्यांच्याच म्हणजे बाबांच्याही.

इन्स्टाग्रामवर मुलांसाठी वेगळं खातं असतं ना? मग काळजी कशाची?

असतं. ‘टीन अकाउंट’ आपोआप प्रायव्हेट असतं, अनोळखी माणूस त्यावर मेसेज करू शकत नाही, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद राहतात, आणि १६ वर्षांखालच्या मुलाला यातलं काही सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. हे चांगलं आहे.

पण हे सगळं मुलाने टाकलेल्या जन्मतारखेवर उभं आहे. मुलाने २००१ साल टाकलं असेल तर इन्स्टाग्रामच्या लेखी तो मोठा माणूस आहे आणि त्याच्यासमोर मोठ्यांचं सगळं उघडं आहे. म्हणून आज संध्याकाळी मुलासोबत बसून अकाउंट्स सेंटरमध्ये वैयक्तिक माहितीतली जन्मतारीख बघा. चुकीची असेल तर दुरुस्त करा. मग व्हॉट्सॲप उघडा: सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स, आणि तिथे ‘एव्हरीवन’ऐवजी ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा, म्हणजे कुणीही अनोळखी माणूस त्याला ग्रुपमध्ये ओढणार नाही. प्रोफाइल फोटो आणि लास्ट सीनलाही तेच. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. दहा मिनिटांचं काम आहे.

मुलीचा मोबाइल ती झोपल्यावर तपासते. चूक आहे का?

काळजीपोटी करता हे कळतं. तरी थांबवा. एक ना एक दिवस तिला कळेलच, आणि त्या दिवसानंतर तिचं दुसरं खातं तयार होईल जे तुम्हाला कधीच दिसणार नाही. लहान वयात गुगलच्या फॅमिली लिंकसारखं ॲप उघडपणे, तिला सांगून लावा. ‘नवीन ॲप टाकायचं असेल तर मला विनंती येईल’ हे तिला माहीत असू दे. पंधरा-सोळाव्या वर्षी ही देखरेख कमी करत न्या. जिवाला धोका वाटावा असं काही दिसलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा तपासा, पण तपासलं हे तिला सांगा.

मुलाच्या मोबाइलमध्ये एका ग्रुपवर आलेले घाणेरडे व्हिडिओ सापडले. त्यातली मुलं लहान वाटतात.

हे गंभीर आहे. मुलांचे लैंगिक व्हिडिओ पाठवणं तर सोडाच, ते शोधणं, डाउनलोड करणं हाही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे व्हिडिओ जवळ बाळगण्याबद्दलचा कायदा आणखी स्पष्ट केला आणि ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्द सोडून याला मुलांचं लैंगिक शोषण आणि अत्याचार दाखवणारी सामग्री म्हणावं असं सांगितलं. ते बरोबरच आहे. त्या व्हिडिओतल्या मुलावर खरोखर अत्याचार झालेला असतो, हे आपल्या मुलाला शांतपणे समजावून सांगा.

ग्रुपचं नाव आणि कुणी टाकलं ते नंबर लिहून घ्या, पोर्टलवर कळवा, ग्रुप सोडा. व्हिडिओ कुणालाही पुढे पाठवू नका. व्हॉट्सॲपचं मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा. वयात येणाऱ्या मुलाची उत्सुकता आणि हा गुन्हा, यात फरक आहे. पहिल्याबद्दल लाजवू नका, दुसऱ्याबद्दल ठाम राहा.

मुलाने गेममध्ये आईच्या खात्यातून पैसे उडवले.

आईच्या मोबाइलवर मुलाच्या बोटाचा ठसा नोंदवलेला आहे का, हे आधी बघा. सोयीसाठी तो घातलेला असतो आणि मग त्याच ठशाने खरेदी होते. ठसा काढा, प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग करा, यूपीआय पिन बदला. झालेल्या खरेदीचा परतावा प्ले स्टोअरवर मागता येतो. पहिल्या ४८ तासांत मागितलात तर सोपं जातं. ‘फ्री डायमंड’च्या लिंकवर मुलाने कुठे पासवर्ड दिलाय का तेही विचारा.

पैसे लावून खेळायचे खेळ हा वेगळाच विषय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत करून पैशांचे ऑनलाइन खेळ पुरवणं आणि त्यांची जाहिरात करणं यावर बंदी घातली. टेलिग्रामवरून कुणी एखादं ॲप पाठवून ‘यात पैसे लाव, दुप्पट होतात’ म्हणत असेल तर तिथे बुडालेल्या पैशांची जबाबदारी घेणारं कुणीही नसतं.

टेलिग्रामवर दहावी-बारावीचा पेपर परीक्षेच्या आधी मिळतो म्हणे. मुलगा पैसे मागतोय.

देऊ नका. पैसे घेऊन जुना किंवा बनावट पेपर देणारे चॅनल दर परीक्षेच्या हंगामात उगवतात. आणि खरा निघाला तर तो परीक्षेतला गैरप्रकार ठरतो, वर्ष जातं.

बँक खातं दिलं तर दर महिन्याला कमिशन मिळेल असं कॉलेजच्या मित्राने सांगितलंय. माझ्याकडे एटीएम कार्ड आहे. काय हरकत आहे?

मोठी हरकत आहे. फसवणुकीचे पैसे फिरवायला अशीच भाड्याची खाती लागतात. वर १९३० बद्दल सांगितलं, त्यात पैसे सरकत जातात ती मधली खाती म्हणजे तुझ्यासारख्या मुलांचीच. पोलीस मागावर आले की पहिलं नाव तुझं सापडतं, कारण केवायसी तुझी आहे. मित्र आणि त्याच्या मागचा माणूस नामानिराळे राहतात. खातं, कार्ड, सिम, ओटीपी, यातलं काहीही कुणालाही वापरायला द्यायचं नाही. दिलं असेल तर आजच बँकेत जाऊन खातं बंद ठेवायला सांग आणि घरी सांग.

आम्ही मुलांचे फोटो कौतुकाने टाकतो. त्यात काय धोका?

कौतुक करा, पण फोटोत काय काय दिसतंय ते बघून. गणवेशावरचं शाळेचं नाव, गळ्यातलं ओळखपत्र, मागे सोसायटीची पाटी, स्कूल व्हॅनचा नंबर. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तर नाव, फोटो, तारीख, गल्ली, सगळं चौकात लागलेलं असतं. दहावीचा निकाल लागला की गुणपत्रिकाच स्टेटसला येते. त्यावर बैठक क्रमांक असतो, आईचं नाव असतं, आणि ऑनलाइन निकाल बघायलाही हेच दोन लागतात. टक्के लिहा, पेढे वाटा, गुणपत्रिका घरात ठेवा. आंघोळीचे, कपड्यांविना असलेले बाळाचे फोटो फॅमिली ग्रुपवरही नकोत. आणि मूल सात-आठ वर्षांचं झालं की त्याला विचारून टाका. ‘टाकू का?’ असं घरातच विचारलं गेलं तर उद्या दुसरं कुणी फोटो मागेल तेव्हा नाही म्हणता येतं हे त्याला माहीत असेल.

वर्गाच्या ग्रुपवर मुलीला चिडवतात, स्टिकर बनवतात. पोलिसांत जावं का?

सुरुवातीलाच नको, पण दुर्लक्षही नको. स्क्रीनशॉट ठेवा, वर्गशिक्षकांना भेटा, ग्रुप ॲडमिनच्या पालकांशी बोला. समोरच्या मुलाच्या पालकांना ग्रुपवर सगळ्यांसमोर जाब विचारू नका, त्याने मुलीला आणखी त्रास होतो. धमकी, पाठलाग, शरीरावरून किंवा जातीवरून अपमान सुरू झाला तर मात्र तक्रार करा. ‘तू लक्ष देऊ नकोस’ एवढंच सांगून विषय संपवू नका. पूर्वी शाळा सुटली की चिडवणंही सुटायचं, आता ते रात्री अकरालाही हातात वाजत असतं.

सरकार सरळ बंदी का घालत नाही? ऑस्ट्रेलियाने घातली ना?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवू देण्याची मनाई केली आहे आणि जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे, मुलांवर किंवा पालकांवर नाही. भारताने वेगळा मार्ग धरला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागेल, आणि मुलांचा माग ठेवून त्यांना जाहिराती दाखवता येणार नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. कंपन्यांवर जबाबदारी टाकणं मला पटतं. पण कुठलाही कायदा रात्री अकरा वाजता रडत असलेल्या मुलाशेजारी येऊन बसत नाही.

आम्ही परदेशात राहतो. मदत कुठे मिळेल?

तिथल्याच यंत्रणेकडे जा, १९३० तिथे उपयोगाचा नाही. अमेरिकेत ‘टेक इट डाउन’ चालवणाऱ्या संस्थेचीच सायबर टिपलाइन ही तक्रार सेवा आहे. ब्रिटनमध्ये चाइल्डलाइनचा ०८०० ११११ आणि मुलांचे नग्न फोटो हटवण्यासाठी ‘रिपोर्ट रिमूव्ह’, ऑस्ट्रेलियात ई-सेफ्टी कमिशनर. भारतातल्या आजी-आजोबांनाही नातवंडांचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर न टाकायची विनंती करा. कारण समजावून सांगितलं तर ते ऐकतात.

मला मोबाइलमधलं काही कळत नाही. मुलगाच मला शिकवतो. मी त्याला काय शिकवणार?

बटणं तो शिकवेल. माणूस खोटं गोड कधी बोलतो, कुणी फुकट काही देत नाही, घाई करायला लावणारा फसवणारा असतो, हे तुम्ही आयुष्यभर बघितलं आहे आणि ते त्याला माहीत नाही. त्याच्याकडून ॲप शिका आणि शिकताना विचारत राहा, ‘हा कोण? याला कसं ओळखतोस? हा असं का म्हणतोय?’

आणि जर आपल्याच मुलाने दुसऱ्या मुलीचा फोटो पसरवला असेल तर?

हा प्रश्न फार कमी पालक विचारतात, म्हणून विचारणाऱ्याचा मला आदर वाटतो. पहिली ऊर्मी असते ती मोबाइल फॉरमॅट करून टाकायची. ते करू नका. पुरावा नष्ट केल्याने मुलाची सुटका होत नाही, आणि त्या मुलीचं नुकसान वाढतं. फोटो कुठे कुठे गेला ते मुलाकडून नीट समजून घ्या, ज्यांना पाठवला त्यांना तो काढून टाकायला सांगा, आणि त्या मुलीच्या घरी स्वतः जा. आपल्या मुलाची बाजू सांगायला जाऊ नका, त्यांना काय हवं आहे ते ऐकायला जा. ते तक्रार करणार असतील तर तो त्यांचा हक्क आहे, अडवू नका, मध्यस्थ पाठवू नका.

१८ वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर चालतं. तिथे समुपदेशन आणि सुधारणेवर भर असतो, पण सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असेल तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का हे मंडळ तपासू शकतं. वकील गाठा, सरकारी विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफतही मिळतो. वकिलाला आणि मंडळाला सगळं खरं सांगा, आणि मुलालाही खरंच सांगायला लावा.